पाणी कुठवर आलं होतं?

चिपळुणात घर बघायला गेलं की किमतीच्याही आधी एकच गोष्ट विचारतात, "पाणी कुठवर आलं होतं?" मालक भिंतीला तळहात टेकवून दाखवतो, मग पुढची बोलणी. २००५च्या पुरानंतर तळमजल्याकडे कुणी ढुंकून बघेना, आणि ज्याच्या जागेला जिना तो मालक नवाबाच्या थाटात बोलू लागला.

पूर आला तेव्हा मी कुवेतला होतो. माझी बायको नसीमा आमच्या लहानग्या इकराला घेऊन कौलांवर बसून राहिली आणि मी तिकडे लागत नसलेला फोन फिरवत होतो. ती भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. म्हणून पुढच्या सुट्टीत आलो तो एकच ठरवून. परत जायच्या आधी दोघींना वरच्या मजल्यावर ठेवायचं.

वाशिष्ठीच्या काठी रावजीकाकांचं घर होतं. त्याचा वरचा मजला विकायचा होता. डिसेंबरातली दुपार, नदी शहाण्यासारखी खालून वाहत होती.

"खाली इथवर," काकांनी जिन्यापाशी छातीला हात लावला. "वर थेंब नाय चढला."

वर वारा होता, उजेड होता. नसीमाची भांडी कुठे, इकराचं दप्तर कुठे, मी मनात मांडूनही टाकलं. तेवढ्यात वास आला. चिखल, रॉकेल, कुजलेला तांदूळ. मी सुट्टीवर आलो तेव्हाही आमच्या घराला हाच वास होता.

आतल्या दारात एक बाई उभी होती. लुगडं पायांना चिकटलेलं. घरातलीच असेल म्हणून मी सवयीनं विचारलं, "पाणी कुठवर आलं होतं, काकी?"

तिनं भिंतीला तळहात टेकवला, माझ्या गळ्याच्या उंचीवर.

"काकी तर वेगळंच सांगतायत," मी काकांना म्हणालो.

काकांचा चेहरा उतरला. मी वळून पाहिलं, दारात कुणी नव्हतं.

"दमयंती... माझी बायको," ते हळूच म्हणाले. "खालीच गेली, पुरात. मला नाय दिसत कधी. घर बघायला येतात त्यांना दिसते." मग खिडकीचे गज धरून त्यांनी विचारलं, "हात कुठं ठेवलान?"

मी दाखवलं.

"पयल्या गिऱ्हाइकाला गुडघ्याशी दाखवलान. मग कमरेशी..."

"पण वर पाणी आलंच नाही ना?"

"अजून नाय आलं." ते नदीकडे बघत राहिले. "अयूबभाय, तुमची पोर केवढी हाय?"

मी नकळत हवेत हात धरला, आपण पोरांची उंची दाखवतो तसा. भिंतीवर दाखवलेल्या जागेच्या तो कितीतरी खाली होता.

हात खाली घ्यायला गेलो, घेता येईना. मनगटाला गार, ओली बोटं होती. ती माझा हात सावकाश वर नेत होती... गळ्याच्याही वर.