सहा वर्षांचे निरोप

"ताई, आईचा फोन दे ना!" धाकट्याने हात पुढे केला आणि ताईच्या शिलाई मशीनचं चाक जागच्या जागी थांबलं...

आई जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या फोनवरच्या निरोपांवरून हुबेहूब तिच्यासारखं लिहिणारा चॅटबॉट बनवायचं याने मनावर घेतलं होतं, आणि याच्या मनात एकदा काही भरलं की ते ब्रह्मदेवालाही काढता यायचं नाही! कापड बेतायच्या टेबलावर त्याने लॅपटॉप मांडला, सहा वर्षांचे सगळे निरोप त्यात भरले. ताईला एकटीलाच ठाऊक होतं... त्यातलं एक अक्षरही आईचं नव्हतं!

हा आईशी भांडून घर सोडून गेला त्या दिवशी आईने तोंड फिरवलं ते कायमचं. परक्या ठिकाणी पोर खचू नये म्हणून ताईच मशीनवर बसल्या बसल्या आईच्या फोनवरून आई होऊन लिहीत राहिली... आईला ऐकू येत नाही, या सबबीवर त्याचे फोन टाळत राहिली. 'ताईच तुला माझ्याशी बोलू देत नाही,' असं तो त्या आईलाच कळवायचा, आणि ताई ते निमूटपणे वाचायची!

दुपारचं ऊन कापडांवर पेंगत होतं. सगळं कसं स्वप्नात चालल्यासारखं... त्याने लिहिलं, 'आई, तू मला माफ केलं होतंस ना?' पडद्यावर अक्षरं उमटली, 'कधीच केलं रे राजा. रडू नकोस. आधी घोटभर पाणी पी, मग बोल.'

त्याला हुंदका आवरेना. ताई कोपऱ्यात त्याच्यासाठी पाणी भरत होती. पडदा तिला दिसतही नव्हता. पाठमोरीच ती नकळत बोलून गेली, "रडू नकोस रे राजा. आधी घोटभर पाणी पी, मग..."

तिने जीभ चावली. पण तो केव्हाच उठून उभा राहिला होता.

"ताई... ते सगळं तू लिहायचीस? आणि आईने? तिने कधीच माफ नाही केलं मला?"

एका शब्दाचं खोटं पुरलं असतं. पण सहा वर्षं तेच करून तिचा जीव थकला होता. तिने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली. तो मटकन खाली बसला, आणि लहानपणी बसायचा तसा तिच्या गुडघ्यांना बिलगला.

"तुझ्याबद्दल नाही नाही ते लिहिलं गं मी! एकदा तरी ताईची बाजू घ्यायचीस!"

तिचे अश्रू त्याच्या केसांत ओघळले.

"कशी घेणार? तेव्हा मी तुझी आई होते ना रे..."