रिकामा हौदा

चाळीसचा काटा ओलांडला की विकासची पिकअप मागच्या चाकांच्या आसातून कण्हायला लागायची. बारीक, लांबलचक सूर, पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरताना येतो तसा. दुसऱ्या कुणी रेडिओ मोठा करून सोडून दिलं असतं. पण विकास कळंबच्या वरच्या वाडीतून नेरळला भाजी नेणारा माणूस. वाटेत आस जाम झाला की माल सडणार, आणि मग गाडीच विकावी लागणार. आणि विकायला तर तो मुळीच तयार नव्हता.

त्याचं कारण जना. त्याची बायको. मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली बिचारी. तिला केबिनमध्ये गाडी लागायची, डिझेलच्या वासानं जीव कासावीस व्हायचा. म्हणून ती मागं हौद्यात, केबिनच्या पत्र्याला पाठ टेकून बसायची. निघताना विकास ओरडायचा, "बसलीस का गं?" ती पत्र्यावर थाप मारायची, की गाडी सुटली. आता घर खायला उठायचं. गाडीत बसलं की निदान मागं तिची जागा तरी होती.

चौकला जुन्या हायवेलगत मालोजीचं गॅरेज आहे. आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, आणि त्याचा त्याला तोराही भारी.

"काय रं इकास, आसात मांजर पाळलीस का?" म्हणत त्यानं मागची चाकं उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली. इंजिन चालू करून गिअर टाकला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आसाच्या पोटाला लावलं, मूठ कानाला. कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.

"हितं तर काय बी नाय."

ऑइल काढलं, स्वच्छ. लोखंडाचा चुरा नाही. आतल्या गिअरचे दात नव्यासारखे. तरी बेअरिंगं बदलली आणि दोघं रस्त्यावर निघाले. काटा चाळीसच्या पुढं गेला आणि मागून कण्हणं सुरू झालं.

मालोजीचा तोरा दुखावला. त्यानं परत येऊन हौद्यात वाळूची पोती भरायला लावली. वजन पडलं की सूर बदलतो म्हणे. पोत्यांनी स्प्रिंगचे पाटे दबले, पण सूर तोच. शेवटी वैतागून तो स्वतः मागं चढला आणि पत्र्याला कान लावून पालथा पडला. "हाक!"

विकासनं पन्नासपर्यंत नेली, साठपर्यंत नेली. आवाज नाही.

मग मालोजी चालवायला बसला आणि विकास मागं. तरीही नाही. विकास परत केबिनमध्ये आला, हौद्यात नुसती पोती उरली, आणि कण्हणं सुरू.

गॅरेजला आल्यावर मालोजी चिंधीनं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"पोत्यांनी गप बसत नाय. माणूस बसला की बसती."

"म्हंजी काय बिघाड हाय, काका?"

"बिघाड नाय." त्यानं विकासकडं बघितलं नाही. "इकून टाक."

"नाय इकणार."

"मंग मागं कुणाला तरी घेत जा. रिकामी हाकू नको."

पोती उतरवून विकास एकटाच कर्जतच्या रस्त्याला लागला. दिवस कलला होता. शेतांमधून भाताच्या रोपांसाठी राब जाळल्याचा धूर रस्त्यावर उतरला होता, आणि मागून तो सूर चालूच. आज पहिल्यांदाच विकासला तो बिघाडासारखा वाटेना. एकटं पडलेलं माणूस तोंड मिटून रडतं ना, अगदी तसा वाटला. आपल्या घशातूनही रात्री असाच निघतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याला भडभडून आलं.

एका फाट्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. पत्र्याची मोडकी शेड, खाली दगडी बाक. बाकावर कुणी नव्हतं. हा काही त्यांचा थांबा नव्हे. जनाला घेऊन तो इथं कधी थांबलाही नव्हता. पण आता राहवेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला,

"बसलीस का गं?"

थाप आली नाही. गाडी मात्र मागून जराशी खाली बसली.

त्यानं क्लच सोडला. तीस. चाळीस. पन्नास.

आवाज बंद.

हसावं की रडावं त्याला कळेना. कर्जत मागं टाकेपर्यंत तो बोलत राहिला. भेंड्यांचा भाव काय झाला, तिची शेळी व्याली, चुलीवरचं पातेलं त्यानं कसं जाळलं. वेड्यासारखा बोलत सुटला. इतक्या महिन्यांत एवढं कुणाशी बोलला नव्हता.

कळंबच्या अलीकडं चढ आला. रिकामी गाडी इथं हसत चढते. आज धाप लागली.

त्यानं गिअर उतरवला. तरी रेटेना. आणखी उतरवला. स्टेअरिंग हाताला हलकं लागत होतं, माल ठासून भरल्यावर लागतं तसं.

विकास बोलायचा थांबला.

आरशात हौद्याच्या फळ्या दिसत होत्या. फळ्यांच्या वर काही नव्हतं. गाडी मध्येच थांबवावी असं त्याला वाटलं, पण पाय ब्रेकवर जाईना.

वाडीत पोचला तेव्हा अंगणात पाचोळा साचलेला. जना गेल्यापासून झाडतंय कोण? त्यानं इंजिन बंद केलं. मागं न बघता, सवयीनं म्हणावं तसं, पण अगदी हळू म्हणाला,

"उतर."

जना काडीसारखी. ती उतरली तर गाडीला कळायचंसुद्धा नाही.

मागचे पाटे करकरले. गाडी उठायला लागली. पोती उतरवल्यावर उठते तशी, आणि त्याहूनही वर.

मग पाचोळ्यात पावलं वाजली. सावकाश, जड. त्याच्या खिडकीवरून पुढं गेली आणि घराच्या दाराशी जाऊन थांबली.

दाराला कुलूप होतं. किल्ली विकासच्या खिशात होती.