सपाट शेंड्यांच्या रेघा

तो चुकून त्या प्रयोगशाळेत शिरला. बिघडलेला वजनकाटा शेजारच्या खोलीत होता. पण दार ढकललं, समोर काचेच्या नळीत उंदराच्या हृदयाचा चिमुकला स्नायू एकटाच धडधडताना दिसला, आणि तो जागीच थबकला.

“हे... जिवंत आहे?”

“प्राणवायू आणि मीठपाणी मिळतंय तोवर.” तिनं वळूनही पाहिलं नाही. “तुम्ही कोण?”

“यंत्रं दुरुस्त करतो.”

ती औषधांवर संशोधन करायची. तिचं नवं संयुग स्नायूच्या ग्राहींवर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन जिथे चिकटतं त्या जागांवर, आधीच ठाण मांडायचं, मग धडधड वाढवणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनला जागाच उरायची नाही आणि धडधड आटोक्यात राहायची, असं तिचं ठाम म्हणणं. यंत्राला ते पटत नव्हतं. संयुग घाला, नका घालू, अ‍ॅड्रेनलिन पडलं की पडद्यावरची धडधडीची रेघ तेवढीच उंच! तिच्या मार्गदर्शक सरांनी आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर दोन वर्षांचं काम बासनात.

“धीर नाही सुटला तुमचा?”

“चुकले असते तर सुटला असता.”

तो हसला. मग पडद्याशी वाकून म्हणाला, “पण या रेघांचे शेंडे असे सपाट का?”

पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं... खिशात तीन पेचकस, डोळ्यांत लहान मुलाचं कुतूहल.

“जोर मोजायची यंत्राची हद्दच संपतेय,” तो म्हणाला. “वरचं सगळं कापलं जातंय.”

“आणि ती हद्द मीच ठरवली होती! करा मोठी.”

त्यानं ती वाढवली. अ‍ॅड्रेनलिन पडताच रेघ टोकदार होऊन उसळली. तिनं स्नायू धुतला, संयुग घातलं.

“आता वीस मिनिटं थांबायचं.”

“थांबतो.”

“आणि तुमचं काम?”

“ते कुठे पळून जातंय?”

वीस मिनिटं कशी गेली, दोघांनाही कळलं नाही. पुन्हा तेवढंच अ‍ॅड्रेनलिन — आणि रेघ निम्म्यावरच थांबली! तिनं दुसऱ्या, तिसऱ्या स्नायूवर करून पाहिलं. तेच. सर आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले. “शोधनिबंध लिहायला घे,” म्हणाले आणि गेले.

“उद्या याल?” तिनं विचारलं.

“उद्या काय बिघडणार आहे?”

“काहीच नाही. तुम्ही मला आवडलात, म्हणून विचारतेय.”

त्याच्या हातातला पेचकस टणकन खाली पडला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण नजर हलली नाही.

“मलाही... मघापासून तेच सांगायचं होतं. आज संध्याकाळीच भेटलो तर?”

“सहाला. उशीर मला चालत नाही.”

“मग इथून हलतच नाही,” तो म्हणाला, आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला.