दारापाशी थांबलेला मोबाईल

ही गोष्ट खरी आहे. नितेश माझा मित्र. तो थापा मारतो, मान्य. पण थाप मारताना तो हसतो. हे सांगताना एकदाही हसला नाही.

गेला मे महिना. अकोला, जठारपेठ. दुपारचे सव्वादोन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

नितेश घरोघरी वायफाय बसवतो. त्या दिवशी अमरावतीहून आपल्या पार्वताबाई मावशीकडे आला होता. तिचा जुना राऊटर जळला होता.

नव्या राऊटरला त्यानं जुनंच नाव दिलं. पासवर्डही जुनाच. या धंद्यातले सगळे असंच करतात. नाव ओळखीचं, पासवर्ड तोच, म्हणजे मोबाईलला वाटतं घर तेच. तो आपोआप जोडला जातो.

मावशीच्या घरात यंत्रं दोनच. तिचा मोबाईल आणि टीव्ही.

वायरनं जोडलेल्या लॅपटॉपवर त्यानं वायफायला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली.

तीन होती...

तिसऱ्याचं नाव, गजेंद्र.

मावशीचा एकुलता एक मुलगा. त्याआधी दोन महिने ट्रकखाली गेला. त्याचा जीव मोबाईलमध्येच असायचा, म्हणून मावशीनं तो चितेवर ठेवायला लावला. ठेवला नितेशनंच. बॅटरी फुटली तेव्हा सगळे पळाले. भटजी सर्वांत पुढे.

नावाशेजारी सिग्नलचा आकडा होता. उणे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे लांब, गल्लीच्या टोकाशी. यंत्र जवळ येतं तसा उणेपुढचा आकडा लहान होतो.

उणे ऐंशी...

उणे बाहत्तर...

चालत येणाऱ्या माणसाच्या गतीनं.

नितेशनं घाईघाईत पासवर्ड बदलला. काही सुचेना. मावशीनं वाढलेल्या ताटात जे दिसलं तेच टाकलं. भेंडीभाजी.

तिन्ही यंत्रं वायफायवरून तुटली.

मग एक ओळ उमटली. गजेंद्र, पासवर्ड चुकीचा.

पुन्हा... चुकीचा.

दर पाच सेकंदांनी.

कूलर फिरत होता. त्याचा आवाज येत नव्हता.

“माह्या फोनचं नेट गेलं रे. काय ठेवला नवीन पासवर्ड?”

“भेंडीभाजी,” नितेश सवयीनं बोलून गेला.

मावशी लॅपटॉपवर वाकली. “हे काय व्हय?”

“काई नाई मावशी, मशीन बिघडली.”

“मले वाचता येते, नितेश.”

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग ताडकन उठली.

“पोरगं उन्हात उभं हाय अन् तू दार लावून बसला?”

तिनं कडी काढली. ओसरी रिकामी होती. मावशी त्या रिकाम्या ओसरीला शांतपणे म्हणाली,

“गजू, भेंडीभाजी. सगळं एकत्र लिही बाबू. मधात जागा नको सोडू.”

पाच सेकंद झाले...

चुकीचा, असं आलं नाही.

उणे पन्नास. उणे चाळीस.

मावशी दारातून बाजूला सरकली. कोणाला तरी वाट दिल्यासारखी.

उणे वीस.

एवढा आकडा राऊटरला चिकटल्यावरच येतो. आणि राऊटर अजून भिंतीवर चढला नव्हता.

तो नितेशच्या मांडीवर होता.

नितेश पुन्हा तिकडे गेलेला नाही. टीव्ही लागत नाही म्हणून मावशी फोन करते, हा उचलत नाही.

परवा मी विचारलं, “तवाच पळाला कावून नाई?”

“उठताच येत नव्हतं.”

“राऊटर पाव किलोचा असते बे.”

त्यानं मांडीवर हात फिरवला.

“मावशी म्हणे, गजू, ऊठ, जेवून घे. मंग उठता आलं.”