भरूचची रिक्षा

दगडाबाई शहागंजच्या बाजारात आली होती ती लेकीच्या, मंजुषाच्या लग्नाचा बस्ता बांधायला. वैशाख नुसता भाजून काढत होता. लुगडी, टॉवेल-टोप्या, हिरवा चुडा सगळं घेऊन झालं आणि गाठोडं काखेत मारून ती आपल्या गावाची, चितेगावची गाडी धरायला निघाली. तेवढ्यात एक रिक्षा तिच्या पायाशी येऊन थांबली.

"माय, बस."

सांडू होता. तिचा थोरला. बाप गेल्यावर घर त्याच्यावरच चाललं होतं. इथलं कंपनीतलं काम सुटलं तेव्हा तो भरूचला गेला आणि तिथं रिक्षा चालवू लागला. रोज फोनवर तो आईला ते गाव सांगायचा. नर्मदेच्या काठचं जुनं बंदर, पैठणचं कापड एकेकाळी तिथूनच जहाजात चढायचं. खाली घाटाकडं उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या. आणि समुद्र लांब असूनही भरतीबरोबर चढणारं, ओहोटीबरोबर उतरणारं नदीचं पाणी. "एक दिवस दाखवतो तुला," म्हणायचा.

"तू तर हळदीला येणार व्हतास ना?" आत बसत दगडाबाई म्हणाली.

"आलो."

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सदरा पाठीला चिकटला होता. घाम असेल असं तिला वाटलं, पण वास घामाचा नव्हता. विहिरीचा गाळ उपसताना येतो तसला वास. क्रांती चौक मागं पडला, उस्मानपुरा आला. एवढ्या उन्हात, एवढ्या वाऱ्यात तो सदरा काही वाळेना.

"जेवलास का, लेकरा?"

"तोंडात वाळू हाय, माय."

"कामून?"

त्यानं रिक्षाचा वेग वाढवला.

आता स्टेशन यायला हवं होतं, मग पैठण रोड. हा रस्ता ती झोपेतही सांगू शकली असती. पण स्टेशन आलंच नाही. रस्ता उतरू लागला. दोन्ही बाजूंनी उंच घरं अंगावर आली. वर काळपट लाकडी सज्जे, मधून आभाळाची एक चिंधी. दुकानं उघडी होती, पण आत माणूस नव्हतं. एका दुकानात तराजू मात्र हळूहळू हलत होता. दगडाबाईला वाचायला येत नव्हतं, तरी तिच्या लक्षात आलं, इथल्या पाट्यांवरच्या अक्षरांना डोक्यावरची रेघच नव्हती.

"सांडू... हे कुठं आणलंस?"

"भरूच. दाखवतो म्हणलो व्हतो ना."

गल्ली घाटावर संपली. रिक्षाचं पुढचं चाक पाण्यात जाऊन थांबलं. समोर मातकट पाणी, पैलतीर दिसत नव्हतं. पाणी आवाज न करता चढत होतं. एक नाव पायरीला लागलेली होती, रिकामी.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला.

"नगं घेऊ, माय," सांडू हळूच म्हणाला.

तिनं घेतला. मंजुषा होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "माय, कुठं हाईस तू? दादाची रिक्षा सकाळी पाण्यात गेली म्हणं... बद्रीनाथकाका निघालेत तिकडं... दादा घावंना, माय..."

दगडाबाईच्या हातातून फोन निसटला. समोर त्याची पाठ होती. मानेवर लहानपणीच्या भाजल्याचा डाग, तिच्याच चुलीचा. खोटा म्हणावा तरी कसा?

"मला एकट्याला लई भ्या वाटतंय," तो म्हणाला. "चल की माय."

तिनं एक पाय खाली टाकला. पाणी बर्फासारखं गार होतं. दुसरा पाय उचलला आणि घरात एकटी बसलेली पोर तिच्या डोळ्यांपुढं आली. काखेतलं गाठोडं तिनं घट्ट धरलं.

"मंजुषाला उजवू दे," ती कशीबशी म्हणाली. "मंग येते."

"येशील?"

"येते."

पैठण रोडच्या कडेला, बाभळीखाली ती बसलेली लोकांना सापडली. लुगडं एका बाजूनं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. बद्रीनाथ चार दिवसांनी भरूचहून आला. रिक्षा वर काढली होती. सांडू मिळाला नव्हता.

वर्ष होत आलंय. मंजुषाच्या सासरची माणसं भली, थांबली आहेत. पण दगडाबाई दर मुहूर्ताला काहीतरी खोट काढते. बद्रीनाथनं समजावून पाहिलं, मंजुषानं अबोला धरून पाहिलं. ती नुसती मान हलवते.

"पोरगी जन्मभर घरात ठिवायची व्हय, वयनी?" परवा बद्रीनाथनं विचारलं. तिसरा मुहूर्त होता तो.

"आता नाय," ती म्हणाली, आणि शेतातल्या विहिरीकडं बघत राहिली.

शिवारातल्या सगळ्या विहिरी आटल्यात. त्यांची मात्र भरत चाललीय. सकाळी पाणी चढतं, दुपारी उतरतं, दिवेलागणीला परत चढतं, आणि दर मुहूर्त मोडला की आधीपेक्षा वर येतं. बैल त्याला तोंड लावत नाहीत, खारट आहे. परवा संध्याकाळी ते काठावरून सांडलं, आणि त्याचा एक बारीक ओघळ, चढ असूनही, घराच्या दिशेनं निघाला.