उत्तरेची भिंत प्यायलेला माणूस

"तुम्ही उत्तरेची भिंत पिताय," ती म्हणाली.

प्रज्ञेशने हातातल्या कपात पाहिलं. चहाच होता. गुळाचा, आलं घातलेला, दिसायला अजिबात भिंतीसारखा नाही. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं. पिवळं हेल्मेट, भुवईवर चुन्याचा ठिपका, आणि चेहरा... पुण्यात भर दुपारी कुणाच्या दाराची बेल वाजवल्यावर दिसतो तसा.

ही स्वराली. कॉलेजच्या आवारातली जुनी दगडी प्रयोगशाळा एका सॉफ्टवेअर कंपनीने ऑफिससाठी घेतली होती. त्या वास्तूचं जुनेपण न घालवता तिला कामाला लावायची जबाबदारी स्वरालीची. प्रज्ञेश खराडीहून आलेला वायरिंगचा इंजिनिअर. कोपऱ्यात गुळाच्या ढेपा दिसल्या, म्हणून आठवडाभर तो आपल्या माणसांना चहा पाजत होता. गूळ उत्तरेच्या भिंतीच्या चुन्यात घालायचा होता, गिलावा घट्ट धरावा म्हणून.

"मला वाटलं, कामगार कल्याण," तो म्हणाला.

"शेजारी हिरड्याची पोती होती. ती कशासाठी वाटली?"

"तेही कल्याणच... पोटाचं."

स्वराली हसली नाही. ओठाचा एक कोपरा मात्र तिची परवानगी न घेता हलला.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेश हडपसरहून नवी ढेप घेऊन आला. बाइकच्या मागच्या सीटवर बांधलेली, वर हेल्मेट घातलेली.

"ढेपेला हेल्मेट?"

"मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे, मॅडम."

शिक्षा म्हणून तिने त्याला चुना ढवळायला लावलं. रंगराव मिस्त्री बाजूला बसून त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसे पाहत होते. संध्याकाळी प्रज्ञेशची बोटं सोलवटली, तेव्हा स्वरालीने पर्समधून खोबरेल तेल काढलं आणि एकेका बोटाला लावलं. बोटं दहाच असतात याचं त्याला फार वाईट वाटलं.

"सोमवारी कंपनीचे आमोद सर ठरवणार," ती तेलाच्या बाटलीकडे बघत म्हणाली. "चुना की सिमेंट. सिमेंट लागलं की ओल आतच कोंडते. दगड आतून भुसभुशीत होत जातो... बाहेरून कळतही नाही."

"मला ओळखीचं वाटतंय हे," प्रज्ञेश म्हणाला. तिने एकदम वर त्याच्याकडे पाहिलं, तसा तो घाईने ढवळायला लागला. चुना केव्हाच संपला होता.

सोमवारी आमोद सर आले. त्यांनी चुन्याचा गिलावा केलेल्या नमुन्याच्या भिंतीवर टकटक केलं आणि प्रज्ञेशकडे वळले. "सिमेंट केलं, तर तुझं काम कधी संपेल?"

"महिन्यात, सर. भिंती खोदायच्या, तारा पुरायच्या, निघायचं."

स्वराली खिडकीबाहेर बघायला लागली.

"आणि चुना?"

"खोदता येणार नाही. तारा तांब्याच्या नळ्यांतून भिंतीवरून न्याव्या लागतील..." तो थांबला. "आठ महिने. पण पुढे काहीही बिघडलं तरी भिंत फोडावी लागणार नाही."

आमोद सरांनी बराच विचार केला. मग मोबाइल काढून नमुन्याच्या भिंतीसमोर सेल्फी घेतला, निरखला, आणि म्हणाले, "चुना. रंग चांगला येतोय चेहऱ्याला."

ते गेल्यावर उंच छताखाली दोघंच उरली.

"खरंच आठ महिने लागतात?" स्वरालीने विचारलं.

"वायरिंगला सहा."

"मग वरचे दोन?"

"तुम्हाला एक गोष्ट विचारायचीय. त्याला लागतील."

"दोन महिने?"

"नाजूक काम आहे... घाईत केलं तर तडा जातो."

स्वरालीने हेल्मेट काढलं. केस विस्कटले होते, ते तिने तसेच राहू दिले. "शनिवारी मी मोकळी आहे," ती म्हणाली. "आणि उत्तर तयार आहे, पडून आहे नुसतं."

सरकारी, खासगी, आजवरच्या एकाही साइटवर प्रज्ञेशने कधी मुदतीआधी काम दिलं नव्हतं. हे विचारायचं काम मात्र त्याने शनिवारचीही वाट न बघता, तिथेच उभ्या उभ्या पूर्ण केलं.