त्या पेपरला आम्ही दोघंच

"एक्सक्यूज मी... पोस्ट-वॉर युरोप यही है ना?"

मी वर पाहिलं. दुबईत, ऊद मेथातल्या त्या स्टडी सेंटरच्या खोलीत मी एकटीच होते. दारात तो उभा – घामाघूम, शर्टावर साइटची धूळ. मी मान डोलावली. त्याची नजर माझ्या वहीवर गेली.

"अरे, मराठीत नोट्स काढता? बाकीचे कुठायत?"

"बाकीचे नाहीतच. या पेपरला आपण दोघंच."

"मग तर पहिला-दुसरा नंबर नक्की!"

त्याचं नाव राहिल. मूळचा रत्नागिरीचा, अल बर्शात राहणारा, बांधकामांवर सर्व्हेअर. मी अस्मी, शारजात अल मजाजला वाढलेली, इन्शुरन्सच्या ऑफिसात क्लेम्स बघणारी. नोकरी सांभाळून इतिहासात एमए करायचं वेड दोघांनाही.

दर शनिवारी आम्ही माझ्या घराजवळ, खालिद लगूनपाशी बसून अभ्यास करू लागलो. हवेत धूळ, पाणी करडं, आणि आमच्या बोलण्यात बेचिराख शहरं, हातांनी विटा उपसणाऱ्या बायका, रेशनच्या रांगा...

"तुझ्या गालावर पेनाची रेघ आलीय," एकदा तो म्हणाला. "दोन भाग झालेत. जर्मनीसारखे."

"मग एक कर ना."

त्यानं हात पुढे केला... आणि मध्येच थांबून नुसता रुमाल दिला. मी उगाच पाण्याकडे बघत राहिले.

"कमाल आहे ना?" तो हळूच म्हणाला. "पाच-सहा वर्षांपूर्वी एकमेकांची गावं जाळणारे देश, आणि कोळसा-पोलाद एकत्र करायला एका टेबलाशी बसले. प्रेमानं नाही हं. पुन्हा लढता येऊ नये म्हणून."

"प्रेमानं कोण बसलं मग?"

"आपण," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

जूनमध्ये बाबा रिटायर होणार होते. त्यांच्याच नावावरचा माझाही व्हिसा संपला की घर आवरून आम्ही पुण्याला परत. त्याआधी मी राहिलला घरी बोलावलं. बाबांनी त्याची नीट विचारपूस केली, आग्रहानं दुसरा कप चहा दिला. तो गेल्यावर मात्र त्यांनी कप विसळले, पुसून खोक्यात भरले.

"मुलगा चांगला आहे," शेवटी म्हणाले. "पण त्र्याण्णवच्या दंगलीत तुझा काका कामावरून परत आला नाही, अस्मी. म्हणून तर मुंबई सोडली मी. या पोराचा तेव्हा जन्मही झाला नसेल. डोक्याला कळतं गं... पण नाही जमत."

ते भांडले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसते खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिले.

मी राहिलला सगळं सांगितलं.

"त्याच दंगलीत माझ्या मामाची बेकरी जाळली होती," तो म्हणाला. "अम्मी अजून त्या रस्त्यानं जात नाही. पण तिनं आपल्याला हो म्हटलंय."

पेपरच्या दिवशी हॉलमध्ये आम्ही दोघंच. युद्धानंतरच्या निर्वासितांच्या छावण्यांवर मोठा प्रश्न होता. सुटल्यावर मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर आलो, तरी तो त्याबद्दलच बोलत होता.

"त्या छावण्यांत लोक पंधरा दिवसांच्या ओळखीवर लग्न करायचे, अस्मी. खिशात काही नाही, देश नाही... तरी करायचे. आपण का नाही?"

"त्यांचं मागे कोणी उरलं नव्हतं, राहिल," मी म्हणाले. "माझे बाबा आहेत."

माझ्या हातातली चुरगळलेली प्रश्नपत्रिका घेऊन त्यानं गुडघ्यावर सरळ केली, घडी घातली आणि परत दिली.

"विमान कधीचं?"

"गुरुवारचं."

त्याची मेट्रो आली. तो चढला नाही. दुसरीही गेली. आमच्या हातांमध्ये बोटभर अंतर होतं... ते त्यानं ओलांडलं, आणि या वेळी थांबला नाही.

तिसरी आली, तेव्हा मीच हात सोडवून घेतला.

"यल्ला, चल... जा आता," मी म्हणाले. आणि तो गेला.